गळाबाहेरचा चणा

भादवा सरतो, आश्विन लागतो आणि नद्या निवळायला लागतात. या दिवसांना पंचांगात वेगळं नाव नाही. ऊन अंगावर येतं, ज्वारी पोटऱ्यात असते, कपाशीची पहिली बोंडं फुटू पाहतात. अमरावतीच्या माझ्या दोन खोल्यांतून यातलं काहीच दिसत नाही. नळाचं पाणी तुरटी न फिरवता पिण्यासारखं दिसू लागलं की मी समजते, तिकडे अकोल्याला मोर्णाही निवळली असेल. मग स्वतःलाच सांगते की मोर्णेत आता निवळण्याजोगं पाणी उरलेलं नाही, आणि भाजी चिरायला घेते.

यंदा भाच्याने घोटाळा केला. तो नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात आहे आणि रविवारी धरणावर मासे धरायला जातो. जाता जाता चहाला थांबला आणि मोठ्या कौतुकाने त्याने एक पाकीट उघडून दाखवलं. परदेशातून मागवलेलं. आत गळ होते, आणि प्रत्येक गळाच्या पाठीमागे बोटभर बारीक धागा मोकळा सोडलेला होता.

"मावशी, याच्यात गंमत आहे," तो म्हणाला. "आमिष गळाला लावायचंच नाही. या धाग्याला लावायचं. याला केस म्हणतात."

"माहीत आहे," मी म्हटलं. "चहा निवतोय."

त्याचा विश्वास बसला नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. जिच्या घरात चातुर्मासात कांदा येत नाही त्या मावशीला हे कुठून माहीत असणार? मी पाकीट डोळ्यांजवळ नेलं. गाठी यंत्राने मारलेल्या, एकसारख्या. केस मात्र केस नव्हता, नायलॉन होतं. मी जे गळ बांधत होते त्यांचा केस घोड्याच्या शेपटीचा असे, आणि त्याला वासही असे. मी मासा कधी खाल्ला नाही आणि आता या वयात खाणार नाही, पण मासा तोंडापाशी आलेल्या घासाचा विचार कसा करतो ते मला चांगलं ठाऊक आहे. अकोल्याच्या एका आश्विनात मी ते शिकले.

लग्न होऊन मी अकोल्याला गेले तेव्हा वऱ्हाड नुकतंच मुंबई राज्यात गेलं होतं. नवे पैसे आले होते, तोंडी मात्र अजून आणेच होते. सासर जुन्या शहरात, मोर्णेच्या अंगाला. मागचं दार उघडलं की बोळ, बोळाच्या टोकाला रहीमभाई टांगेवाल्याचा तबेला, आणि तिथून पुढे नदीचा उतार. दुपारी वारा पडला की बोळात तीन वास एकत्र उभे राहात: घोड्याची लीद, कुणाच्या तरी घरचा तळणाचा तेलवास आणि नदीचा ओला, शेवाळी वास. पहिले काही महिने मी त्या वासाला मागचं दार लावून घेई. नंतर तो माहेरी गेल्यावर आठवायला लागला, तेव्हा मी मनाशी म्हटलं की आता आपण अकोल्याच्या झालो.

सासरे वकील होते. आम्ही त्यांना मामंजी म्हणत असू. मी गेले तेव्हा त्यांनी वकिली सोडलेली होती, कारण कान गेले होते. भर कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं एक आणि मामंजींनी उत्तर दिलं दुसऱ्याच प्रश्नाला. मागे बसलेले लोक हसले. ते हसणंही त्यांना ऐकू आलं नाही, फक्त दिसलं. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी काळा कोट खुंटीला अडकवला तो पुन्हा काढला नाही. पक्षकार यायचे थांबले, मित्र यायचे थांबले. बहिऱ्या माणसाशी बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं, आणि ओरडून कुणाला गप्पा मारता येत नाहीत. ते दिवसभर ओसरीवर बसत आणि रस्त्याकडे पाहात. माझे यजमान जिनिंगमध्ये नोकरीला होते, सकाळी जात ते दिवेलागणीला येत. त्यामुळे घरात आम्ही तिघंच: मामंजी, सासूबाई आणि मी.

मासेमारीला कान लागत नाहीत, हे मामंजींना कधी सुचलं ते मला माहीत नाही. माझ्या आधीची गोष्ट आहे. सनद गुंडाळून ठेवली तरी सुट्टी रविवारचीच, असा त्यांचा खाक्या, म्हणून ते रविवारी बांबूची काठी घेऊन मोर्णेच्या डोहावर जाऊन बसू लागले. दोरीला मोराच्या पिसाचा देठ तरंगता ठेवायचा आणि तो कधी बुडतो ते पाहायचं. तिथे त्यांना कोणी काही विचारत नव्हतं आणि त्यांना उत्तर चुकायची भीती नव्हती. रविवारी ते घरी येत तेव्हा चालण्यात फरक असे. तेवढा एक दिवस त्या माणसाचा होता.

अडचण सासूबाईंची होती. त्यांचं माहेर रिद्धपूरचं, महानुभाव पंथातलं. त्या कुणालाही भेटल्या की 'दंडवत प्रणाम' म्हणत, पाणी दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय कशाला वापरत नसत, आणि फडक्यात अडकलेले जीव पुन्हा विहिरीत सोडून येत. सरपण चुलीत घालण्याआधी ते आपटून झटकून घेत, न जाणो आत मुंगी असायची. अशा बाईच्या नवऱ्याने गळ घेऊन नदीवर बसावं! सुरुवातीलाच एका माशाने गळ पार पोटात गिळला. तो काढता काढता मासा मामंजींच्या हातात मेला. बाहीवर रक्त घेऊन ते घरी आले. सासूबाईंनी जेवण सोडलं. मामंजींनी अखेर त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवून शब्द दिला: माझ्यापायी एकही मासा मेला, तर गळ मोर्णेत टाकीन आणि पुन्हा नदीवर जाणार नाही. तेव्हा कुठे त्या जेवल्या. हे सगळं मला शेजारणीने सांगितलं. घरात त्याचा उच्चार कधी झाला नाही, पण तो शब्द देवघरातल्या समईसारखा घरात होताच.

आता मासे धरायचे आणि मारायचे नाहीत, हे साधायचं कसं? मामंजींनी त्यावर वकिलासारखा विचार केला. आमिष गळाला टोचलं की मासा दोन्ही मिळून गिळतो. मग आमिष आणि गळ वेगळे का करू नयेत? गळ उघडा ठेवायचा आणि त्याच्या पाठीला केस बांधून केसाच्या टोकाला भिजवलेला चणा लावायचा. मासा चणा ओठांनी आत ओढतो, त्याच्यामागून गळ हलकेच आत येतो. माशाला काहीतरी बोचतं, शंका येते, तो थुंकायला जातो, आणि थुंकताना गळ ओठाच्या कडेला लागतो. पोटाला धक्का नाही. ओठातून गळ काढायचा आणि मासा सोडून द्यायचा.

"लोभी साक्षीदार गिळून बसतो, त्याला वाचवणं कठीण," मामंजी मला म्हणाले होते. "शंकेखोर साक्षीदार ओठावरच सापडतो. तो सुटतो."

बहिरी माणसं मोठ्याने बोलतात म्हणतात. मामंजी फार हळू बोलत. आपला आवाज चढला तर आपल्याला कळणार नाही, याची त्यांना धास्ती होती.

केस बांधायचा कुणी? त्यांची बोटं जाड, डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागलेला. मी माहेरून मण्यांची तोरणं करून आणली होती, ती त्यांनी दारावर पाहिली. एका शनिवारी त्यांनी गळ, केस आणि भिजवलेले चणे एका वाटीत घालून माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "सूनबाई, जरा बघा." एवढीच माझी दीक्षा.

काम सोपं नाही. केस कोरडा असला तर गाठ आवळताना तुटतो, म्हणून तो आधी ओला करायचा. नदीवरचे लोक तोंडात धरतात, मी पाण्यात बुडवायची, कारण सासूबाई समोर असत. केस दुहेरी करायचा, सुईने चणा आरपार टोचून त्यातून ओढून घ्यायचा, आणि फासात केरसुणीच्या काडीचा नखाएवढा तुकडा आडवा घालायचा, म्हणजे चणा निसटत नाही. दुसरं टोक गळाच्या दांडीवर गुंडाळून गाठ. चणा आणि गळ यांच्यात बोटाच्या पेराइतकं अंतर हवं. जास्त झालं तर मासा चणा खाऊन निघून जातो, कमी झालं तर त्याला आधीच संशय येतो. चणाही नीट भिजलेला हवा, अंगठ्याने दाबला तर दबेल पण फुटणार नाही असा.

केस रहीमभाईंकडून यायचा. त्यांचा घोडा बादशा अबलख होता, काळा-पांढरा, आणि शेपटीतही दोन्ही रंग होते. पाणी गढूळ असेल तोवर काळा केस, निवळलं की पांढरा. आश्विन लागला की रहीमभाई आपणच पांढरे केस वेगळे काढून ठेवत.

"घोडीचा केस कधी घेऊ नका, भाभी," ते म्हणत. "थो नेहमी ओला राह्यते, कुजते. माह्या बादशाचा घ्या. याच्या केसावर तुमी वकीलसाबले लटकवलं तरी तुटनार नाई."

"त्यांना कशाला लटकवू?"

"तसं नाई. मजबुतीची गोष्ट करून राहिलो मी."

गावाला हा प्रकार ठाऊक होता आणि गाव त्यावर हसत असे. वकीलसाहेब अजून सुटका करून देतात म्हणे, तीही फुकट. मामंजींना ते ऐकू येत नव्हतं, सासूबाईंना येत होतं. त्या पदर सारखा करून पुढे जात. त्या चण्यांकडे त्या पाहात नसत, गळाला हात लावत नसत, पण रविवारी मामंजी निघाले की दारापर्यंत येत. त्या काळातल्या नवरा-बायकोत प्रेम होतं का, असं मला हल्लीच्या मुली विचारतात. मी सांगते की मला माहीत नाही, माझ्या सासूबाई दारापर्यंत येत असत.

त्या आश्विनातली दुपार मला दिसते ती रंगाने. बोळातल्या भिंतींवर पावसाळ्याचा हिरवा सुकून करडा झाला होता. बादशाच्या पाठीवर माशा बसत आणि त्याची कातडी तेवढीच थरथरे. मी पांढरे केस आणायला रहीमभाईंकडे गेले होते. त्यांच्या दारात गिरजा भोईण टोपली उतरवून बसली होती. तिला मी येता-जाता पाहिलेलं होतं, पण तिची टोपली उघडी असेल तेव्हा आम्ही मान वळवून जात असू. त्या दिवशी रहीमभाईंची बायको भाव करत होती आणि गिरजा एक रोहू उचलून तिला दाखवत होती.

"ताजी हाय व माय. वकिलाची हाय. हे पाय, ओठाले भोक."

मी उभीच राहिले. तिने माझ्याकडे पाहिलं, कोण ते ओळखलं, आणि मासा टोपलीत ठेवून वर पालापाचोळा ओढला. पण बोलून झालं होतं.

"वकिलाची म्हणजे?" मी विचारलं.

रहीमभाईंच्या बायकोने सांगितलं, तेही अगदी सहज, सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट सांगावी तसं. मामंजी डोहावर मासा सोडतात तेव्हा तो झुंजून दमलेला असतो. प्रवाहाबरोबर खाली वाहात येतो. खाली बंधाऱ्याच्या तोंडाशी भोयांचं जाळं असतं. रविवारी तिथे हटकून मासे लागतात, ओठाला एक भोक असलेले. बाजारात त्यांना 'वकिलाचे' म्हणतात आणि ते चटकन खपतात, कारण दिवसाच्या उजेडात धरलेले म्हणून ताजे.

आमच्या घरातल्या कोणीही मासळीबाजार पाहिलेला नव्हता. नदीत सोडलेला मासा पुढे कुठे जातो, हा प्रश्न शाकाहारी घराला पडतच नाही. आम्हाला नदी म्हणजे मासा सोडण्याची जागा वाटत होती. खाली कुणाचं पोट त्याच नदीवर आहे, याचा विचार मामंजींच्या वकिली डोक्यातही आला नाही. आज मला त्याचं थोडं हसू येतं. त्या दिवशी आलं नाही. माझ्या हातात पांढऱ्या केसांचा झुबका होता आणि मला स्पष्ट दिसत होतं की हे घरी कळलं की त्या माणसाचा रविवार संपला. त्याच्यापाशी उरलेलं तेवढंच होतं. मला त्यांची फार दया आली आणि त्याहून जास्त भीती वाटली.

मी कुणाला सांगणार नव्हते. पण पुढल्या शनिवारी वाटी पुढे घेऊन बसले आणि बोटं चालेनात. सासूबाई समोर पाणी गाळत होत्या.

"काहून थांबली?" त्यांनी विचारलं.

मामंजी हाताच्या अंतरावर बसले होते. आमच्या घरात त्यांच्यासमोर सगळं बोललं जाई, त्यांना ऐकू येत नाही म्हणून. मी सांगितलं. सासूबाईंनी फडकं पिळलं, उलटं करून पाण्यात धरलं, त्यातले जीव सोडले. मामंजींकडे एकदा पाहिलं. ते सुईत केस ओवायला धडपडत होते, मला मदत म्हणून.

"बांध तू," त्या म्हणाल्या. "यांना काही सांगू नको."

दुसऱ्या दिवशी मामंजी नदीवर गेले. सोमवारी दुपारी ते झोपल्यावर सासूबाईंनी पायांत वहाणा सरकवल्या आणि मला म्हणाल्या, "चल." भोयांची घरं नदीकाठाला, आमच्यापासून फार लांब नाहीत, पण त्या बाजूला त्या कधी गेल्या नव्हत्या. वाटेवर जाळी वाळत घातलेली. वासाने मी पदर नाकाला लावला. सासूबाईंनी लावला नाही.

गिरजा चुलीपुढे होती. तिचा नवरा गणपत भिंतीला टेकून जाळं सांधत होता. सासूबाई 'दंडवत प्रणाम' म्हणाल्या. भोयाच्या घराला वकिलीणबाईंनी दंडवत घातला म्हटल्यावर दोघंही उठून उभी राहिली.

"गिरजाबाई, मी मागायला आले," सासूबाई म्हणाल्या. "रविवारचं जाळं टाकू नका. एक दिवस."

गिरजाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. ती चिडली होती आणि तिने ते लपवलं नाही.

"बाई, तुमच्या मालकाचा जीव रमते अन् आमचं पोट भरते. दोघाईले एकच नदी हाय. तुमी सोडला का मासा तुमचा नाई राह्यला. थो नदीचा. मंग ज्याच्या जाळ्यात आला त्याचा. आमी चोरी करून राहिलो का?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "चोरी नाही. तुमचा धंदा आहे. मी हक्कानं नाही मागत. त्यांनी मला शब्द दिला आहे. मासा मेला कळलं तर ते नदीवर जाणार नाहीत. ओसरीवर बसतील. मी ते बसणं पाहिलेलं आहे, गिरजाबाई. मला पुन्हा पाहायचं नाही."

त्यांना रडू आलं नाही. पण माझ्या लग्नापासून त्या इतकं लांब वाक्य बोलल्याचं मला आठवत नव्हतं. गणपतने जाळं खाली ठेवलं.

गिरजा आत गेली आणि माठातून पाण्याचा गडू भरून घेऊन आली. "बसा," ती म्हणाली. "उन्हाच्या आल्या. पानी घ्या पह्यले."

यात तिची परीक्षा होती की साधा आदर, हे मी आजही सांगू शकत नाही. सासूबाई जातपात मानत नव्हत्या, त्यांच्या पंथातच ते नव्हतं. पण जिथे जीव मारला जातो त्या घरचं पाणी त्या घेत नसत. मोठमोठ्या घरांतून त्या कोरड्या घशाने परत आल्या होत्या, आणि लोक त्यांना मानी म्हणत. इथे चुलीवर काय शिजतं आहे ते दारातून दिसत होतं. गडूच्या कडेला एक खवला चिकटला होता, नखाएवढा, चमकत होता. सासूबाई खाली बसल्या. त्यांनी खवला बोटाने अलगद काढला, जमिनीवर ठेवला आणि गडू तोंडाला लावला. गाळलं नाही. सगळं पाणी प्यायल्या आणि गडू पालथा करून ठेवला.

"रविवारी नाई टाकत," गिरजा म्हणाली. "जा तुमी."

घरी आल्यावर त्यांनी अंगावरून पाणी घेतलं नाही की प्रायश्चित्ताचं काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी स्वयंपाक केला, वाढला. मी त्यांच्याकडे पाहात राहिले तर म्हणाल्या, "भाकर घे." मला त्या बाईचा तोवर धाक होता. त्या दिवसापासून आदर वाटायला लागला, आणि धाक गेला नाही तो नाहीच.

माणूस आपल्या तत्त्वाची किंमत मोजतो ती ते पाळताना, असं आपल्याला शिकवतात. मी पुढे बरीच वर्षं शाळेत शिकवलं, मुलींना हेच सांगितलं, परीक्षेत त्यावर निबंध लिहायला लावले. सांगताना दर वेळी मला तो पालथा गडू दिसे आणि वाटे की हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं फळ्यावर कसं लिहायचं ते मला जमलं नाही.

निवळीचे दिवस त्या वर्षी लांबले. पाणी इतकं स्वच्छ झालं की डोहाच्या तळाचे गोटे दिसत. मी दर शनिवारी पांढऱ्या केसाचे गळ बांधत होते, मामंजी दर रविवारी ते नेत होते. येताना चालण्यात तोच तो फरक. रहीमभाईंच्या बायकोने मला बोळात सांगितलं की बाजारात रविवारचे मासे येत नाहीत. सगळं बरं चाललं होतं. पुढे रहीमभाईंचा बादशा गेला, त्यांच्या मुलाने टांगा विकून सायकलींचं दुकान काढलं, अकोल्यात गळाची नायलॉन दोरी, तंगूस, मिळायला लागली आणि घोड्याचा केस कुणाला आठवेना. मामंजी गेले, सासूबाई गेल्या. मी अमरावतीला बदली मागून घेतली. हे सगळं ओळीने घडलं आणि त्यात विशेष काही नाही, सगळ्यांच्याच घरी घडतं. मला सांगायचं आहे ते त्याच आश्विनातल्या एका रविवारचं.

दुपार कलली तेव्हा घरी मामंजींचे एक जुने पक्षकार आले. सासूबाईंनी मला मामंजींना बोलवायला नदीवर पाठवलं. मामंजी डोहाच्या काठाला दगडावर बसले होते, आणि त्यांच्या शेजारी गणपत भोई उकिडवा बसून विडी ओढत होता. जाळं नव्हतं म्हणून त्याला रविवारी काम नव्हतं. मला पाहून तो उठला आणि उतारावरून निघून गेला.

तेवढ्यात पिसाचा देठ बुडाला. मामंजींनी घाई केली नाही. देठ वर आला, पुन्हा बुडाला, थरथरला, वर आला. ते अगदी खुशीत पाहात होते. मग त्यांनी काठी सावकाश उचलली. दोरीच्या टोकाला माझा पांढरा केस होता, केसाला काडीचा तुकडा होता, चणा कुणीतरी खाऊन टाकला होता. गळ नव्हता.

मी बोटाने केसाकडे दाखवलं आणि हाताने विचारलं, कुठे?

"मोर्णेत टाकले," ते त्यांच्या त्या हळू आवाजात म्हणाले. "सगळे. दर शनिवारी नवे आणतो, तुम्ही बांधून देता, मी इथे येऊन सोडवून टाकतो. माझ्यानं सुटत नाही तेव्हा गणपत सोडवून देतो आणि केस दोरीला बांधतो. शब्द दिला होता, सूनबाई."

त्यांना कसं कळलं ते विचारायची गरज नव्हती. गणपतचं आयुष्य नदीच्या या काठावरून त्या काठाला हाका मारण्यात गेलं होतं. साऱ्या अकोल्यात मामंजींच्या कानाशी पोचणारा तेवढा एकच आवाज होता.

मग मी काठीकडे दाखवलं. गळ टाकले, मग हे कशाला?

मामंजींनी वाटीतून नवा चणा घेतला आणि केसाशी झटापट करू लागले. मी तो त्यांच्या हातातून घेऊन ओवून दिला.

"तुमच्या सासूबाई गणपतच्या घरचं पाणी प्यायल्या," ते म्हणाले. "माझा रविवार राहावा म्हणून. आता मी काठी टाकून घरी बसलो, तर त्यांचं ते पाणी वाया जाईल."

त्यांनी दोरी पुन्हा पाण्यात सोडली. देठ उभा राहिला. पक्षकार आले आहेत हे सांगायचं मी विसरले, आणि नंतर आठवलं तेव्हा सांगितलं नाही.

घरी आले तेव्हा पक्षकार वाट पाहून गेले होते. सासूबाई दारात होत्या.

"लागला का काही?" त्यांनी विचारलं. असं त्यांनी पूर्वी कधी विचारलं नव्हतं.

"एक लागला," मी म्हटलं.

"सोडला?"

"सोडला."

"पोहत गेला ना नीट?"

"गेला. मी पाहिलं."

सासूबाई आत वळल्या. फळीवरून चण्यांचा डबा काढला, मूठभर चणे निवडले, किडका एक बाजूला ठेवला, आणि पुढचा रविवार अजून आठवडाभर लांब असताना त्यांनी ते आपल्या हाताने भिजत घातले.